दस्तुरखुद्द

जुन्या पत्रांचा नाद मला लागला तो छापील पुस्तकांतून. मिरजेच्या हायस्कुलांत संस्कृत शिकविणाऱ्या वासुदेवशास्त्री खरे यांनीं शाळेचें काम सांभाळून पटवर्धन सरदारांच्या दप्तरांतील मोडी कागद वाचले, निवडले, बाळबोधींत उतरविले आणि १८९७ पासून ते ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ या नांवानें छापावयास आरंभ केला. १९२४ सालीं ते वारले तोंवर त्याचे बारा खंड झाले होते. परशुरामभाऊंनीं धारवाडच्या किल्ल्याला १७९० सालीं वेढा घातला आणि १७९१ च्या एप्रिलांत किल्ला हातीं आला, एवढें शाळेच्या पुस्तकांत एका वाक्यांत उरकतें. त्या काळचीं लष्करांतलीं पत्रें पाहावींत तर तरवारीपेक्षां दाणावैरणीची, थकलेल्या पगाराची आणि सावकाराच्या तगाद्याचीच काळजी फार.

छापील पानावर एक गोष्ट मात्र नाहींशी होते. मोडी लिहितांना आधीं ओळ आंखावयाची आणि बोरू होतां होईल तों न उचलतां तिला अक्षरें टांगीत जावयाचें. दोन शब्दांत जागा नाहीं, ऱ्हस्वदीर्घाचा विधिनिषेध नाहीं. नमस्कारापासून ‘बहुत काय लिहिणें’ पर्यंतचा मजकूर कारकून ठरीव साच्यांत, वळणदार हातानें बसवी. धन्याला कांहीं मनांतलें सांगावयाचें असलें म्हणजे तो स्वतः बोरू घेई. तें दस्तुरखुद्द. मोठमोठ्या मुत्सद्द्यांचें अक्षर पाहावें तर पुष्कळदां गिचमिड. छापखान्यांत धनी आणि कारकून एकाच खिळ्याचे होतात. शास्त्रीबोवांकडे मी याचा दोष देत नाहीं. त्यांनीं तें वाचून ठेविलें नसतें तर आम्हांपैकीं कितीजणांनीं त्या रुमालांच्या गांठी सोडल्या असत्या? मी तर खास सोडल्या नसत्या. आमच्या घरचीच पेटी मीं साठ वर्षें उघडली नव्हती.

माझे पणजोबा सांगलीचे हळदीचे व्यापारी. हरिपुरास त्यांचीं पेवें होतीं. माणूस कठोर, ही त्यांची घरांतली कीर्ति. दुष्काळांत सख्ख्या विधवा बहिणीला त्यांनीं दमडी दिली नाहीं, असें आमची आजी सांगे. २०१९ च्या ऑगस्टांत कृष्णा घरांत शिरली तेव्हां आम्हीं धान्य माडीवर नेलें, टीव्ही नेला. पेटीची आठवण कोणालाच झाली नाहीं. पाणी ओसरल्यावर ती उघडली. माझ्या वडिलांनीं मला वसतिगृहांत पाठविलेलीं निळ्या शाईचीं पत्रें पार कोरीं झालीं होतीं. त्यांतलें एकही मला पाठ नव्हतें. काजळीच्या शाईचे जुने कागद फिकटले, पण उरले. ते दोरीवर वाळत घातले आणि त्या हिवाळ्यांत मी मोडी शिकावयास बसलों.

त्यांत शके १८१८ चें एक पत्र निघालें. दुष्काळाचें साल, पत्र बहिणीला. दिवाणजीचें अक्षर सुरेख, एका ओळीचें दुसरीस कोठें लागत नाहीं. मालाला उठाव नाहीं, रोकड अडकली आहे, सबब रक्कम पाठविण्यास सवड नाहीं, हे विनंती. आजीचें म्हणणें खरें ठरलें म्हणून मी तें बाजूस ठेविलें. पुढें किती दिवसांनीं तरी लक्षांत आलें कीं, समासांत कागद आडवा धरून कोणी दोन वांकड्या ओळी लिहिल्या आहेत. त्या लावावयास मला चार संध्याकाळ लागल्या. ‘मुलांस घेऊन इकडेच निघोन येणें. गाडी धाडितों.’

ती आली कीं नाहीं, हें सांगणारें आतां घरांत कोणी नाहीं. पत्र धाडणाऱ्याच्याच पेटींत तें कसें राहिलें, हाही प्रश्न आहेच. एक तर तें गेलेंच नाहीं, नाहीं तर तिनें येतांना बरोबर आणलें. त्या कागदाला चार घड्या आहेत आणि घड्यांवर तो झिजून विरला आहे. पेटींतले बाकीचे कागद तसे झिजलेले नाहींत.