वही, लाल शाई आणि लोणारचे पाणी

“फादर, गणित मी पाहून घेईन. पण लेखनाचं काय करू? कोणतं पुस्तक घेऊ?”

२०२० सालच्या जून महिन्यातील ही गोष्ट. चर्चच्या फाटकाशी तोंडाला पदर बांधून उभ्या असलेल्या, आमच्याच धर्मग्रामातील एका मातेने मला हा प्रश्न विचारला. त्यांचे यजमान रस्त्याच्या कामावर मुकादम. काम सरकेल तसे बिऱ्हाडही सरकायचे. कधी चिखली, कधी देऊळगावराजा, त्या वर्षी मेहकर. तिन्ही मुलांना दरवर्षी नवी शाळा, नवे शिक्षक आणि तीच ती नवखेपणाची भीती. मार्चमध्ये टाळेबंदी आली, शाळांना कुलुपे लागली, तेव्हा पतिपत्नींनी विचारपूर्वक ठरविले, की यापुढे मुलांना घरीच शिकवायचे. त्या स्वतः डी.एड. झालेल्या होत्या. शिवाय, जिजाऊंचे जन्मस्थान असलेले सिंदखेडराजा ज्या जिल्ह्यात आहे, तेथे आई ही पहिली शिक्षिका असते हे कुणाला पटवून द्यावे लागत नाही. प्रश्न होता परीक्षेचा. घरच्या शिक्षणासाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही. २००९ चा शिक्षणहक्क कायदा शाळाच डोळ्यांपुढे ठेवतो. पण १९८९ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून, चौदा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला शाळेत न जाताही दहावीची परीक्षा देता येते. तो मार्ग त्यांनी हेरून ठेवला होता. अडले होते ते लेखनापाशी.

सेमिनरीत उमेदीची वर्षे घालविलेल्या माणसाला कुणी पुस्तकाविषयी सल्ला विचारला, की त्याला जरा अधिकच आनंद होतो. मी उत्साहाने कपाट उघडले. चार वाटा समोर होत्या. पहिली बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांची. ती संगणकावरून विनामूल्य उतरवून घेता येतात. दुसरी मो. रा. वाळंबे यांच्या ‘सुगम मराठी व्याकरण लेखन’ या पुस्तकाची, ज्यावर आमच्या पिढीचे व्याकरण पोसले गेले. तिसरी, बसस्थानकाजवळच्या दुकानात मिळणाऱ्या तयार निबंधांची. त्यांत ‘माझी आई’पासून ‘पावसाळ्यातील एक दिवस’पर्यंत सारे काही दुसऱ्या कुणीतरी अनुभवून ठेवलेले असते. चौथी वाट दूरदेशीची. अमेरिकेतील अनेक कॅथलिक कुटुंबे मुलांना घरी शिकवितात, आणि व्हर्जिनियातील सेटन होम स्टडी स्कूलसारख्या संस्था त्यांना इयत्तावार अभ्यासक्रम पुरवितात. तशाच एका अभ्यासक्रमाचे जुने भाग माझ्याजवळ होते. आखणी सुबक खरी. पण त्यातील निम्मे श्रम इंग्रजी स्पेलिंगवर आणि मोठ्या अक्षरांवर खर्च झालेले. आपल्या मुलांचे झगडे निराळे असतात. ते ऱ्हस्वदीर्घाशी, जोडाक्षरांशी आणि ‘न’-‘ण’शी असतात.

मी दुसरी वाट निवडली. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा लेखननियम शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले, १९७२ मध्ये आणखी चार आले, एकूण अठरा. आठवड्यास एक नियम, म्हणजे अठरा आठवड्यांत मुले शुद्ध लिहू लागतील, असा सोपा हिशेब मी मांडला. “दर शनिवारी वह्या पाठवा, मी तपासून देईन,” असेही सांगितले.

त्याच महिन्यात लोणारच्या सरोवराचे पाणी गुलाबी झाले. वर्तमानपत्रांतून ती छायाचित्रे आपण सर्वांनी पाहिली असतील. या घरातील नऊ वर्षांच्या मधल्या मुलाने ते प्रत्यक्ष पाहिले. वडिलांच्या मोटारसायकलवर बसून तो मेहकरहून लोणारला गेला, वरच्या कड्यावरून पाहून परतला आणि कुणी न सांगता वहीत लिहिले: “बाबानं मले लोनार दाखवलं. पानी गुलाबी होतं. मले वाटलं कोनी रंगपंचमीचे कपडे धुतले.”

त्या तीन वाक्यांवर मी लाल शाईची पाच वर्तुळे काढली. ‘मले’ दोनदा, ‘लोनार’, ‘पानी’ आणि ‘कोनी’. खाली लिहिले, “शुद्ध करून पाच वेळा लिही.”

त्याने ते पाच वेळा लिहिले. पुढच्या शनिवारी वहीत पाठ्यपुस्तकातील एक उतारा होता, सुवाच्य आणि निर्दोष. त्यापुढच्या शनिवारी दुसरा उतारा. माता वही द्यायला आल्या तेव्हा हळूच म्हणाल्या, “फादर, आता तो मनाचं काही लिहीतच नाही. म्हणतो, पुस्तकातलं लिहिलं की गोल पडत नाहीत.”

त्या रात्री मला झोप लागली नाही. माझी आई निरक्षर होती. सेमिनरीतून मी तिला पत्रे लिहीत असे, मोठ्या अलंकारिक भाषेत. शेजारचे मास्तर ती तिला वाचून दाखवीत. एकदा तिने त्यांच्याकडूनच उत्तर लिहवून घेतले: पत्र पोचले, पण त्यात तू कुठे दिसला नाहीस. मी ते वाचून हसलो होतो. तिला काय म्हणायचे होते ते उमगण्यास मला तीस वर्षे आणि नऊ वर्षांच्या मुलाची एक वही लागली. प्रभू येशूने एकदाच काही लिहिल्याचे शुभवर्तमानात येते, तेही बोटाने जमिनीवर. आणि त्या प्रसंगी दगड उचललेले लोक निघून गेले. मी मात्र लिहून दगड मारला होता.

मग मी पुन्हा पुस्तकांकडे वळलो, पण या वेळी प्रश्न बदलून. इंग्लंडमधील शिक्षणतज्ज्ञ शार्लट मेसन (१८४२–१९२३) यांनी घरी शिकणाऱ्या मुलांसाठी सांगितलेला क्रम मला मोलाचा वाटला. मुलाने ऐकलेला उतारा आधी तोंडाने, आपल्या शब्दांत सांगायचा, चांगल्या ओळी पाहून लिहायच्या, मग श्रुतलेखन, आणि स्वतःची लेखी रचना साधारण दहाव्या वर्षापर्यंत मागायचीच नाही. आपल्याकडे लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये कोल्हापुरात सुरू केलेल्या सृजन आनंद विद्यालयानेही मुलांच्या स्वतःच्या अनुभवाला मानाचे स्थान दिले. वस्तुतः आपल्या आज्या हेच करीत आल्या आहेत. गोष्ट सांगून झाली, की “आता तू सांग,” असे त्या म्हणतातच.

माता आणि मी मिळून नवी आखणी केली. रोज एक गोष्ट ऐकायची आणि सांगायची, आणि सांगताना ‘मले’, ‘तुले’ला मज्जाव नाही. बालभारतीच्या पुस्तकातील चार ओळी रोज पाहून लिहायच्या. दोन दिवसांनी त्याच ओळींचे श्रुतलेखन. आठवड्यातून एक पत्र, खऱ्याखुऱ्या माणसाला. वहीचे डावे पान मुलाचे. तेथे कुणी पेन लावायचे नाही. उजव्या पानावर तेच पत्र स्वच्छ उतरवायचे, आणि त्या आठवड्यापुरती एकाच प्रकारची चूक पाहायची. या आठवड्यात ‘न’-‘ण’, पुढच्या आठवड्यात ऱ्हस्वदीर्घ. अठरा नियम गेले नाहीत. ते फक्त रांगेत उभे राहिले. तयार निबंधांची पुस्तके आम्ही परीक्षेच्या वर्षासाठी राखून ठेवली, तीही केवळ मांडणी दाखविण्यापुरती.

मुलाची मी क्षमा मागितली. तो काही बोलला नाही. तीन आठवडे डावे पान कोरेच राहिले. चौथ्या आठवड्यात त्याने आजीला पत्र लिहिले. त्यात लोणार होते, रंगपंचमीचे कपडे होते आणि एक नवे वाक्यही होते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तो रंग खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांचा असल्याचे सांगितले होते. ते त्याला आईकडून कळले होते. उजव्या पानावर ‘पाणी’ झाले, ‘कोणी’ झाले. ‘मले’ त्याने तसेच ठेवले. “आजी असंच बोलते,” असे त्याचे स्पष्टीकरण. मी मान डोलावली.

तेव्हापासून आणखी काही आईवडिलांनी मला तोच प्रश्न विचारला आहे. त्यांतील बहुतेकांची मुले शाळेत जाणारी आहेत. पुस्तकाचे नाव मी आता शेवटी सांगतो. आधी विचारतो: त्यात मुलाला लिहिण्याआधी बोलायला मिळते का? एका वेळी एकच चूक सुधारली जाते का? आणि त्याने लिहिलेले वाचणारे, त्याची वाट पाहणारे, असे एखादे माणूस आहे का? हे तीन असेल तर साधे पाठ्यपुस्तकही पुरते. नसेल तर परदेशातून मागविलेला महागडा अभ्यासक्रमही कपाटातच शोभतो.

वह्या माझ्याकडे अजूनही येतात. लाल पेन मी हिशेबाच्या वहीसाठी ठेवले आहे.