छप्पर, चाकं आणि प्रोपेन

ट्रॅव्हल ट्रेलरचा, म्हणजे गाडीमागे ओढायच्या चाकांवरच्या घराचा, सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे पाणी. हायवेवरचा आडवा वारा, डोंगरातले उतार, शेजारून घोंघावत जाणारे अठराचाकी ट्रक या सगळ्यांची भीती नव्या मालकाला वाटते. पण ट्रेलर संपतो तो छपरातल्या एखाद्या बारीक चिरेतून झिरपलेल्या पाण्यानं. अनेक ट्रेलरच्या भिंतीत लाकडी सांगाडा असतो, त्यावर पातळ प्लायवुड आणि वर डकवलेला फायबरग्लासचा पातळ थर. पाणी आत शिरलं की डिंक सुटतो, बाहेरची भिंत फुगते, आतलं लाकूड कुजत जातं. मालकाला पत्ता लागतो तेव्हा एखाद्या कोपऱ्यात पायाखालची जमीन दबायला लागलेली असते. म्हणून न्यू जर्सीतल्या आमच्या घरासमोर दर एप्रिलमध्ये पहिलं काम असतं ते शिडी लावण्याचं. कोकणात पावसाआधी कौलं शाकारतात, तसं.

आमच्या ट्रेलरचं छप्पर रबरी आहे. त्याला भोकं पाडून पंखा, एसी, अँटेना, टाक्यांचा वास वर सोडणाऱ्या नळ्या असं बरंच काही बसवलेलं असतं आणि प्रत्येक भोकाभोवती सीलंटचा जाड थर असतो. उन्हाळ्यातलं ऊन आणि जानेवारीतली गोठवणारी थंडी यांत हा थर आकसतो, त्याला केसाएवढ्या चिरा पडतात. गुडघ्यांवर रांगत, अंगठ्यानं दाबत दाबत सगळ्या कडा तपासाव्या लागतात. जिथे कड सुटलेली लागेल तिथे साबणाच्या पाण्यानं पुसायचं, पूर्ण कोरडं होऊ द्यायचं आणि नवं सीलंट ओतायचं. ते आपोआप पसरून सपाट होतं. पेट्रोलियमयुक्त क्लीनर या रबराला चालत नाही, त्यानं ते फुगतं. छपरावर मी चढते. माझं वजन कमी आणि चिकाटी जास्त. तिथे घालवलेली सकाळ मला एखाद्या छोट्या सहलीइतकीच आवडते.

आमचा ट्रेलर २२ फुटी आहे, वापरलेला घेतलेला. कोविडच्या काळात विमानं आणि हॉटेलं नकोशी झाली, तेव्हा अमेरिकेत या गाड्यांवर उड्या पडल्या. २०२१ साली ट्रेलर आणि मोटरहोम मिळून सहा लाखांच्या वर नव्या आरव्ही कारखान्यांतून बाहेर पडल्या. तोवरचा तो उच्चांक होता. यातल्या बहुसंख्य गाड्या तयार होतात त्या इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट आणि आसपासच्या गावांत. उत्साहानं घेतलेल्या कितीतरी गाड्या दोन-तीन वर्षांत पुन्हा विक्रीला आल्या. आम्ही ओलावा मोजणारं छोटं यंत्र घेऊन अशा बऱ्याच गाड्यांच्या भिंती चाचपल्या आणि कोपरे कोरडे निघाले तो ट्रेलर घेतला. रंग, पडदे, गाद्या मागाहून बदलता येतात.

घेण्याचं कारण होतं सासू-सासरे. सांगलीहून ते सहा महिन्यांसाठी येतात. आई कांदा-लसूणही खात नाहीत आणि बाबांना गुडघ्यांमुळे दर दोन तासांनी उतरावं लागतं. हॉटेलांच्या भरवशावर चार दिवसांचा प्रवास म्हणजे आईंनी चार दिवस फळं आणि दशम्यांवर काढायचे. ट्रेलरमध्ये स्वतःचं स्वयंपाकघर आहे आणि स्वतःचं न्हाणीघर. रेस्ट एरियात थांबून त्या गरम गरम मुगाची खिचडी टाकतात. सुरुवातीला फोडणी घातली की धुराचा अलार्म कोकलायचा. छपरातला जुना पंखा काढून हवा बाहेर फेकणारा दहा पात्यांचा, पावसातही उघडा ठेवता येणारा पंखा बसवला, तेव्हा तो प्रश्न सुटला. आमच्या सगळ्या सुधारणांत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी हीच.

ट्रेलर ओढण्याचा सगळा हिशेब वजनाचा. ट्रक ‘इतके हजार पौंड ओढतो’ ही जाहिरात फारशी कामाची नसते. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर पिवळा स्टिकर असतो, त्यावरचा आकडा महत्त्वाचा. त्या ट्रकात माणसं आणि सामान मिळून किती भार चालेल, ते त्यावर लिहिलेलं असतं आणि हिचवर, म्हणजे ट्रेलर जोडायच्या सांध्यावर, पडणारं ट्रेलरचं वजनही त्यातच धरायचं असतं. हिचवर ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के भार हवा. कमी पडला तर ट्रेलरची शेपटी डोलायला लागते आणि हायवेवर ते डोलणं वाढतच जातं. आमची पाण्याची टाकी ४० गॅलनची, म्हणजे भरली की १५० किलोंची भर. ती कुठल्या जागी बसवली आहे यावर हिचवरचा भार बदलतो. हायवेलगतच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल नावाचे काटे असतात, थोड्या डॉलरांत प्रत्येक आसाचं वजन छापून मिळतं. प्रत्येक ट्रेलरमालकानं सगळं कुटुंब, डबे, तांदळाची पिशवी यांसकट एकदा तरी तिथे उभं राहावं. माझा याबाबत आग्रह आहे, कारण रस्त्यावर शेजारी दुसऱ्यांची मुलंबाळंही असतात.

टायरचंही तसंच. ट्रेलरचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. वरची नक्षी नव्यासारखी दिसते आणि आत रबर सुकलेलं असतं. टायरच्या कडेवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे तो कधी बनला ते सांगतात. ३२१९ म्हणजे २०१९ सालचा ३२ वा आठवडा. पाच-सहा वर्षं झाली की बदलायचे, मग नक्षी कितीही खोल असो.

बेअरिंगचं काम नवऱ्याचं. वर्षातून एकदा चाकं उतरवायची, बेअरिंग केरोसिननं धुऊन, पुसून, एकेक रूळ उजेडात फिरवून बघायचा. निळसर डाग म्हणजे ते तापलंय, खड्डा दिसला तर फेकायचं. मग तळहातावर ग्रीसचा गोळा घ्यायचा आणि बेअरिंगची रुंद कड त्यावर दाबत, ओढत राहायचं. रुळांच्या फटींतून पलीकडे ग्रीसचे बारीक दोरे बाहेर पडेपर्यंत. चाक परत चढवल्यावर नट टॉर्क रेंचनं आवळायचे आणि पहिल्या ५० मैलांनंतर थांबून पुन्हा तपासायचे. बाबा आयुष्यभर एसटीच्या वर्कशॉपात होते. हे काम निघालं की ते खुर्ची टाकून शेजारी बसतात आणि थोड्या वेळानं त्यांच्याही हाताला कोपरापर्यंत ग्रीस असतं.

विजेची सुधारणा आम्ही केली ती पेनसिल्व्हेनियातल्या चेरी स्प्रिंग्ज स्टेट पार्कमुळे. अमेरिकेच्या पूर्व भागात इतका काळोख फार थोड्या ठिकाणी उरलाय. २००८ साली त्याला आंतरराष्ट्रीय डार्क स्काय पार्कचा दर्जा मिळाला. चहूबाजूंनी सस्क्वेहॅनॉकचं राखीव जंगल. कॅम्पग्राउंड अगदी साधं, विजेची जोडणी नाही. सप्टेंबरात गेलो, तेव्हा रात्री चांगलीच थंडी पडली. ट्रेलरचा हीटर प्रोपेनवर चालतो खरा, पण गरम हवा ढकलणारा त्याचा पंखा बॅटरीवर, आणि तो सात-आठ अँपिअर खातो. साध्या लेड-ॲसिड बॅटरीतली निम्मीच वीज वापरायची असते, त्याखाली गेलं की तिचं आयुष्य घटतं. पहाटे व्होल्टेज इतकं उतरलं की हीटर बंद पडला आणि सगळे रजया गुंडाळून चहाभोवती बसलो.

पण त्या रात्री बाबांनी जे पाहिलं, त्यासाठी मी अशा कितीतरी थंड पहाटा सोसेन. ते मैदानात खुर्ची टाकून बसले होते. लाल टॉर्चशिवाय दुसरा उजेड तिथे चालत नाही. आकाशगंगा माथ्यावरून आरपार गेलेली. बाबा मात्र उत्तरेकडे बघत होते. “ध्रुव एवढा वर?” ते म्हणाले. सांगलीत ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम १७ अंशांवर असतो, चेरी स्प्रिंग्जला जवळजवळ ४२ अंशांवर. सांगलीत मावळणारे सप्तर्षी इथे मावळतच नाहीत. उत्तरेच्या क्षितिजाला घासून पुन्हा वर चढतात. ते खरंच मावळतात की नाही हे बघायला बाबा मध्यरात्रीपर्यंत बसून राहिले. सप्तर्षी झाडांच्या शेंड्यांआड गेले तेव्हा, “झाडं नसती तर दिसले असते,” असा निकाल देऊन ते झोपायला आले.

त्या हिवाळ्यात १०० अँपिअर-अवरच्या दोन लिथियम बॅटऱ्या घेतल्या. वजनानं हलक्या आणि जवळजवळ सगळी साठवलेली वीज वापरता येते. दोन्ही मिळून अडीच किलोवॉट-अवर. पण नुसती बॅटरी बदलून भागत नाही. जुना चार्जर लिथियमला हवं तेवढं व्होल्टेज देत नाही, तोही बदलावा लागतो. शिवाय ही बॅटरी शून्य अंश सेल्सिअसखाली चार्ज करायची नसते, म्हणून ती हिचवरच्या डब्यातून काढून आत, बाकड्याखाली आणली. छपरावर २०० वॉटचं सौर पॅनेल बसवलं. त्यासाठी रबराला नवी भोकं पाडताना मी फार अस्वस्थ होते. प्रत्येक स्क्रूवर सीलंट मीच ओतलं.

प्रोपेन मात्र रस्ताच बदलायला लावतो. नणंद वॉशिंग्टनजवळ राहते आणि तिच्याकडचा रस्ता बाल्टिमोरवरून जातो. बाल्टिमोरच्या बोगद्यांतून दहा पौंडांहून मोठी प्रोपेनची सिलिंडरं न्यायला बंदी आहे आणि ट्रेलरच्या नाकावर आमची वीस-वीस पौंडांची दोन असतात. पूर्वी अशा गाड्या फ्रान्सिस स्कॉट की पुलावरून जायच्या. २६ मार्च २०२४ च्या पहाटे मालवाहू जहाजाच्या धडकेनं तो पूल कोसळला, खड्डे बुजवणारे सहा कामगार त्यात गेले. आता ट्रेलरवाल्यांना शहराला पश्चिमेकडून वळसा घालावा लागतो. त्या वळणाचा हिरवा फलक आला की गाडीत कुणी ना कुणी त्या कामगारांचा विषय काढतंच.

नणंदेकडून पुढे शेनँडोआ नॅशनल पार्क. तिथल्या १०५ मैलांच्या स्कायलाइन ड्राइव्हवर मेरीज रॉक नावाचा बोगदा आहे, उंची १२ फूट ८ इंच. आमचा ट्रेलर एसीसकट साडेदहा फूट, त्यामुळे तो निश्चिंत जातो. न्यूयॉर्क आणि कनेक्टिकटमधल्या जुन्या पार्कवेंवर मात्र ट्रेलरला बंदीच. तिथे ठेंगणे पूल आहेत. गाडीची उंची भरून घेणारा वेगळा जीपीएस त्यासाठीच लागतो.

एका कामाबद्दल आपल्या लोकांत फारसं कुणी बोलत नाही. संडासाची टाकी मालकालाच रिकामी करावी लागते. डंप स्टेशनवर हातमोजे घालायचे, जाड नळी जोडायची, आधी मैल्याची टाकी सोडायची आणि मग मोरीच्या पाण्याची, म्हणजे त्या पाण्यानं नळी धुतली जाते. पहिल्यांदा ते बघून आई आत निघून गेल्या. बाबा थांबले. म्हणाले, आपल्याकडे या कामाला पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक माणसांना जुंपलं आणि वर त्यांनाच बाटलेलं म्हटलं. तेव्हापासून नळीचं एक टोक ते धरतात. माझी मुलं हातमोजे घालून आळीपाळीनं हे काम करतात आणि त्यांना त्यात काही वेगळं वाटत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

नोव्हेंबरात पाणी गोठण्याआधी सगळे नळ रिकामे करून त्यांत गुलाबी अँटीफ्रीझ भरायचं. सहा गॅलनचा गीझर उघडून त्यातली ॲनोडची कांडी बाहेर काढायची. ही कांडी स्वतः गंजते, म्हणून टाकीचं पोलाद टिकतं. अंगठ्याएवढी जाड लावलेली कांडी यंदा पेन्सिलीएवढी उरली होती, मध्ये तार उघडी पडलेली. नवी लावली.

जुलैत आसाटीगला जायचंय, मेरीलँडच्या किनाऱ्यावरच्या बेटावर. तिथे रानटी घोडे तंबूंमधून हिंडतात, कूलर उघडून पोळ्यासुद्धा पळवतात, त्यामुळे जेवण कुलपात ठेवावं लागतं आणि त्यांच्यापासून निदान ४० फूट लांब राहायचा नियम आहे. समुद्राकडच्या जागांचं बुकिंग सहा महिने आधी उघडतं आणि बघता बघता संपतं. जानेवारीतल्या त्या सकाळी दोघंही लॅपटॉप उघडून बसलो आणि वाळूच्या टेकडीलगतची एक जागा मिळाली. तिथे विजेची जोडणी नाही, डासही पुष्कळ असतात. दाराच्या जाळीला खालच्या कोपऱ्यात एक भोक पडलंय, ती जाळी त्याआधी बदलायची आहे.