ऊन पाण्याची वाट

नाशकात गोदावरीला घरगुती बोलण्यात गंगाच म्हणतात. 'गंगेवर जाऊन येते' असं सांगून पहाटे घराबाहेर पडणाऱ्या बायका पंचवटीत आजही आहेत, आणि त्यांच्या लेखी गंगा म्हणजे गार पाणी. मार्गशीर्ष-पौषात शेजारच्या निफाडचा पारा पाच अंशांच्याही खाली जातो, रामकुंडाच्या पायऱ्या तळव्यांना झोंबतात, आणि तरीही पहिली बुडी मारली जाते. पुण्य लागायचं तर अंगावर शहारा यायलाच हवा, असा काहीसा समज आम्हां नाशिककरांच्या हाडात मुरलेला आहे. म्हणूनच घाट उतरून शे-सव्वाशे किलोमीटर गेलं की पावसाचंच पाणी जमिनीतून ऊन होऊन वर येतं, हे माहीत असूनही मनाला पटायला वेळ लागतो.

वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी. ठाणे जिल्ह्यात भिवंडी तालुक्यात, तानसा नदीच्या काठाने ही कुंडं विखुरली आहेत. नाशिकहून तिथे एका दिवसात जाऊन येण्याच्या सहली थंडीत निघतात. मी गेले ती सहल एका निवृत्त भूगोल-शिक्षकांनी काढलेली होती. ट्रॅव्हलर गाडी, बरोबर एक भजनी मंडळ, दोन-तीन जोडपी, गुडघ्यांना पट्टे बांधलेले काही आजोबा. कोणीतरी नेतो आणि आपण जातो, अशा सहलींना नाकं मुरडणारे पुष्कळ असतात. मला तसं वाटत नाही. डोंगर नुसता पाहायचा तर एकट्याने जावं. तो समजून घ्यायचा तर ज्याचं त्या डोंगराशी आयुष्यभराचं बोलणं आहे, असं माणूस शेजारच्या सीटवर असावं लागतं.

पंचवटी कारंजावरून निघालो तेव्हा पुरतं उजाडलंही नव्हतं. कसारा घाटाचा सोपा रस्ता सोडून सरांनी गाडी त्र्यंबककडे घेतली. का, ते त्यांनी ब्रह्मगिरी समोर आल्यावर सांगितलं. तेराशे मीटरच्या आसपास उंचीचा तो कातळ उगवतीच्या उन्हात तांबूस दिसत होता. याच डोंगररांगांतून दोन नद्या निघतात. गोदावरी पूर्वेकडे तोंड करते आणि १४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. वैतरणा पश्चिमेकडे वळते आणि तिला अरबी समुद्र गाठायला फार वेळ लागत नाही. "आणि तिसरी वाट?" असं विचारून सर गप्प बसले. भजनी मंडळातल्या मावशींनी कुशावर्त कुंडावर हातपाय धुऊन घेतले, कुडकुडत परत आल्या, आणि गाडी तोरंगणच्या घाटाला लागली.

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर वसलेलं. त्र्यंबकहून मोखाडा-जव्हारच्या वाटेने कोकणात उतरणं हे एका दमात होत नाही. कसाऱ्याला जमीन एकदम कोसळते. इथे ती थबकत, वळत, मध्येच पुन्हा चढत खाली जाते. नागलीची कापून झालेली खाचरं, सागाची वाळकी पानं, घरांच्या कुडाच्या भिंती, अंगणात वाळत घातलेली वरई. काळा दगड सगळीकडे तोच, थरांवर थर. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहत राहिला, थंडावला, पुन्हा वाहिला. त्याचे हे थर. घाटाच्या एका वळणावर गाडी थांबवून सरांनी ते बोटाने मोजायला लावले. दोन थरांच्या मधल्या तांबड्या मातीच्या पट्ट्यातून पाण्याचा एक बारीक झिरपा येत होता. पावसाळा संपून महिने झाले होते, तरी दगड ओलाच होता. "हे बघून ठेवा," ते म्हणाले, "दगडाला भेगा असतात आणि पाण्याला त्या माहीत असतात."

मोखाड्यात पाऊस अडीच हजार मिलिमीटरहून जास्त पडतो. आणि याच मोखाड्यात उन्हाळ्यात बायका आटलेल्या विहिरींत उतरून वाटीवाटीने हंडा भरतात. वैतरणेच्या आणि तानसाच्या खोऱ्यांत मुंबईसाठी धरणं बांधली गेली; तानसाचं १८९२ साली, मध्य वैतरणा २०१४ मध्ये. मुंबईचे नळ या डोंगरांवर चालतात. डोंगरातल्या माणसांनी मात्र डोक्यावरचा हंडा अजून खाली ठेवलेला नाही. सहलीच्या गाडीतून जाताना हे सांगितलं पाहिजे, आणि सरांनी ते सांगितलं, आवाज न चढवता. गाडीतलं भजन तेवढा वेळ थांबलं होतं. मला वाटतं, पाण्याच्या देवळाला जाणाऱ्याने आधी हा रस्ता पाहावाच.

जव्हारला चहा झाला. मुकणे राजांचं हे जुनं संस्थान. साडेचारशे मीटर उंचीवरचं, झाडांत दडलेलं. पुढे विक्रमगड, वाडा. वाड्याला आलो की हवा बदलते. स्वेटर आपोआप उतरतात, वाडा कोलम भाताच्या पिवळ्या पेंढ्यांची खळी दिसू लागतात. अंबाडीवरून गाडी वळली आणि दुपारच्या आधी आम्ही तानसाच्या काठावर उभे होतो.

नदी थंड होती. हे पहिलं आश्चर्य. तानसाच्या पात्रात पाय घातला तर साधं, हिवाळ्यातलं, हिरवट पाणी. आणि त्याच पात्राच्या कडेला, चार पावलांवर, दगडांनी बांधलेल्या चौकोनी कुंडातून वाफ निघत होती. पावसाळ्यात तानसाला पूर आला की काही कुंडं नदीखाली जातात. महिनोन् महिने वरून गढूळ गार लोंढा वाहतो आणि खालून ऊन पाणी आपलं येतच राहतं. पूर ओसरला, गाळ उपसला की कुंड पुन्हा जिथल्या तिथे.

"खाली ज्वालामुखी आहे म्हणतात ना, सर?" एका मावशींनी विचारलं. इथल्या मंदाग्नी डोंगराविषयी अशी बोलवा आहेच. देवीने इथे दैत्य मारले, त्यांचं रक्त म्हणजे हे ऊन पाणी, अशीही कथा आहे. सरांनी कथेला हात लावला नाही. ज्वालामुखीचं मात्र समजावून सांगितलं. तो विझून कोट्यवधी वर्षं झाली, त्याची ऊब आता उरलेली नाही. जमिनीत जसजसं खोल जावं तसतशी उष्णता वाढते, दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी. पावसाचं पाणी दगडांच्या भेगांतून खूप खोल झिरपत जातं, तिथे तापतं, आणि एखादी मोठी भेग, एखादा प्रस्तरभंग सापडला की दाबाने वर येतं. पालघरच्या कोकनेरपासून रत्नागिरीतल्या राजापूरपर्यंत, सह्याद्री आणि समुद्र यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत, अशा उन्हाळ्यांची, म्हणजे ऊन पाण्याच्या झऱ्यांची, एक रांगच आहे. सातिवली, उन्हवरे, आरवली, तुरळ ही त्यांतलीच नावं. नकाशावर ठिपके जोडले तर ती रेघ सह्याद्रीला जवळजवळ समांतर जाते. डोंगर जिथे मोडला, कोकणाची पट्टी जिथे खचली, तिथल्या भेगांतून हे पाणी वाट काढतं. कुंडात उठणारे बुडबुडेही उकळीचे नव्हेत. पाण्याबरोबर वर येणाऱ्या वायूचे ते.

त्र्यंबकला अर्धवट ठेवलेल्या प्रश्नाचं उत्तर हे होतं. सह्याद्रीवर पडलेलं काही पाणी पूर्वेला जातं, काही पश्चिमेला, आणि काही सरळ खाली. ते खाली गेलेलं पाणी कोणाला दिसत नाही. त्याला घाट नाही, पूल नाही, त्याच्यावर धरण नाही. दगडाच्या पोटात ते किती वर्षं हिंडलं असेल, कोणत्या पावसाचं असेल! आपण ज्याला चमत्कार म्हणून हात जोडतो तो आपलाच पाऊस आहे, फक्त फार लांबच्या रस्त्याने आलेला. हे कळल्यावर माझे हात सुटले नाहीत, उलट अधिक घट्ट जुळले.

अकलोलीच्या कुंडांशी नारळ-फुलं विकणारी एक बाई बसली होती. आमचं नवखेपण तिने ओळखलं. "पयले पाय बुडवा. मग गुडघं. घाई केली का चक्कर येते," ती म्हणाली. काही कुंडांचं पाणी ५० अंश सेल्सिअसच्या आसपास असतं; त्यांत पाय टेकवणंही कठीण. काही सोसवतील अशी आहेत. बायकांसाठी आडोसा केलेल्या कुंडात आम्ही पायरीपायरीने उतरलो. पहिल्यांदा पावलांना भाजल्यासारखं झालं, मग पोटऱ्यांना ते आवडू लागलं, आणि कंबरेपर्यंत आल्यावर कोणी बोलेना. दिवसभर अखंड बोलणाऱ्या त्या बायका एकदम शांत झाल्या. गंगेवरची बुडी माणसाला जागं करते, ताठ करते. तिच्यात एक निर्धार असतो. इथलं पाणी काहीच मागत नाही. पाठीचे स्नायू कुणीतरी एकेक करून सोडवून देतंय, जणू आईने वेणीचा गुंता सोडवावा तसं. पाण्याला गंधकाचा किंचित वास होता, ओठांवर किंचित खारटपणा.

शेजारी भिवंडीकडच्या एक आजी होत्या. हाताच्या तळव्यांची कातडी फाटलेली, भेगांत विटांची लाल माती बसलेली. आयुष्य वीटभट्टीवर गेलं म्हणाल्या. दर हिवाळ्यात मुलगा घेऊन येतो, दोन रात्री राहतात, सकाळ-संध्याकाळ कुंडात बसतात. दुखणं जातं का, असं मी विचारलं. "जात नाय. पण त्या दोन दिवस निजते मी," त्या म्हणाल्या. डॉक्टर काय सांगतील ते सांगोत. रक्तदाबवाल्यांनी, हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी जपून राहावं, दहा-पंधरा मिनिटांच्या वर बसू नये, हे सरांनीही बजावलं होतंच. पण दोन रात्रींची झोप ही काही लहान गोष्ट नव्हे. वर्षभर विटा वाहणाऱ्या शरीराला या महाराष्ट्रात फुकट मिळणाऱ्या गोष्टी फार थोड्या आहेत. ही त्यांतली एक, आणि ती जमिनीने दिलेली.

म्हणूनच कुंडाच्या काठावर पडलेल्या शाम्पूच्या पुड्या आणि साबणाचे कागद पाहून जीव तुटतो. इतक्या खोल दगडातून गाळून आलेल्या पाण्यात साबण कशाला? आमच्या मंडळातल्या बायकांनी पदर खोचून एका पिशवीत तो कचरा गोळा केला. गावातली दोन मुलं आपणहून मदतीला आली.

जेवून वज्रेश्वरीच्या देवळाकडे गेलो. १७३९ साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसईचा किल्ला जिंकला. विजय मिळाला तर देऊळ बांधीन असा नवस त्यांनी या देवीला केला होता, असं सांगतात. देऊळ टेकडीवर, भोवती किल्ल्यासारखा तट. बावन्न पायऱ्या चढाव्या लागतात, त्यांतल्या एका पायरीवर कासव कोरलेलं आहे. ऊन पाण्यातून नुकते आलेले गुडघे त्या पायऱ्या कुरकुर न करता चढले, हे मी डोळ्यांनी पाहिलं. आणि या पायऱ्या, समोरची दीपमाळ कोणी बांधली? नाशिकच्या नानासाहेब चांदवडकर नावाच्या सावकाराने, असं परंपरा सांगते. आमच्या गाडीत केवढा आनंद झाला! गंगेकाठच्या त्या माणसाने घाट उतरून इथवर यावं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांखाली दगड घालून जावं. कदाचित त्याचेही गुडघे दुखत असतील.

गणेशपुरीला थोडाच वेळ मिळाला. नित्यानंद स्वामी १९३६ च्या सुमारास इथे आले तेव्हा हा भाग जंगलच होता. भीमेश्वराच्या देवळाजवळच्या कुंडांपाशी ते राहिले आणि ८ ऑगस्ट १९६१ रोजी इथेच समाधिस्थ झाले. फार थोडं बोलणारा हा संन्यासी. त्याच्याभोवती पुढे देशविदेशातून माणसं आली. मला मात्र स्वामींच्या नावाने चालणारं बालभोजन जास्त जवळचं वाटतं. आसपासच्या पाड्यांतल्या मुलांना पंगतीत बसवून जेवू घालण्याची ती रीत. ऊन पाणी आणि ऊन भात, दोन्ही एकाच ठिकाणी, न विचारता.

परतीला कसारा घाट. सकाळी पायरीपायरीने उतरलेली उंची आता एका दमात चढायची होती. खाली अंधार, वर इगतपुरीचे दिवे, आणि खिडकीतून येणारा वारा पुन्हा नाशिकचा, बोचरा. मावशींनी स्वेटर चढवले. मागच्या सीटवर हिशेब सुरू झाला होता: चैत्रातल्या अमावास्येला वज्रेश्वरीची मोठी जत्रा भरते, तेव्हा यायचं का? तेव्हा ऊन असेल, गर्दी असेल, कुंडात उतरायलाही मिळणार नाही, असं कोणीतरी म्हणालं. मग पुढच्या पौषातच, आणि मुक्कामाने, दोन रात्री, त्या वीटभट्टीवाल्या आजींसारखं. सरांनी वही काढली आणि गाडीतल्या मिणमिणत्या दिव्यात नावं लिहायला घेतली. पहिलं नाव मी माझ्या सासूबाईंचं सांगितलं.