चौदा तासांचं घड्याळ

गेले दोन शनिवार काही लिहिलं नाही. कारण नेहमीचंच, हापिस. नवं प्रोजेक्ट आलंय. क्लायंट अमेरिकेतला, आणि काम ट्रक ड्रायव्हरांच्या लॉगबुकचं. पहिल्या मीटिंगला 'लॉग' ऐकून माझ्या डोळ्यांसमोर सर्व्हरच्या फायली आल्या. इथे लॉग म्हणजे एका माणसाच्या २४ तासांचा हिशोब निघाला.

तर मंडळी, तिकडच्या लॉगमध्ये चार आडव्या ओळी असतात: ऑफ ड्युटी, स्लीपर बर्थ, ड्रायव्हिंग, आणि चौथी म्हणजे ड्युटीवर आहे पण गाडी चालवत नाही. दिवसभराची एकच रेघ या चार ओळींवरून जिन्यासारखी चढत-उतरत जाते. पूर्वी हे सगळं कागदावर व्हायचं. पेन आपल्याच हातात असल्यावर काय होतं ते वेगळं सांगायला नको! डिसेंबर २०१७ पासून बहुतेक ट्रकांना इंजिनला जोडलेलं इलेक्ट्रॉनिक यंत्र सक्तीचं होऊ लागलं. चाकं फिरली की रेघ आपोआप ड्रायव्हिंगवर जाते.

माल वाहणाऱ्यांचे नियम पाठ करायला सोपे आहेत. सलग १० तास विश्रांती झाली की नवा दिवस. कामाला लागल्यापासून १४ तासांच्या आत जास्तीत जास्त ११ तास गाडी चालवायची. ८ तास चालवल्यावर किमान अर्धा तास थांबायचं. रोज गाड्या पळवणाऱ्या कंपनीत ८ दिवसांत ७० तास ड्युटी भरली की पुढे स्टिअरिंगला हात लावायचा नाही. सलग ३४ तास सुट्टी घेतली की हिशोब पुन्हा शून्यापासून.

मी लगेच कोड लिहिला आणि जेवणाचा अर्धा तास १४ मधून वजा केला. टेस्टरने परत पाठवला. चूक माझीच. हे १४ तासांचं घड्याळ जेवायला, चहाला थांबत नाही. स्लीपरमध्ये झोपेचे दोन भाग करायची एक सवलत आहे, ती सोडली तर ते चालूच राहतं.

समजा, ड्रायव्हर सकाळी सहाला निघाला. आठला गोदामावर पोचला. माल भरून मिळाला दुपारी एक वाजता. घड्याळ संपणार रात्री आठला. म्हणजे उरले सात तास, आधीचे दोन, एकूण नऊ. हक्काच्या अकरातले दोन तास गोदामाच्या दारात गेले. आणि तिकडे बऱ्याच ड्रायव्हरांना पैसे मिळतात मैलांवर!

हे मी गावी गेल्यावर मामांना सांगितलं. मामा तीस वर्षं ट्रकवर होते. आपल्याकडेही १९६१ च्या कायद्यात मोटार कामगारांना दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा होती, असं म्हटल्यावर ते नुसते हसले.

"मार्केट यार्डात माल उतरायला दीड-दीड दिवस थांबलोय. वर शेटजी म्हणणार, उशीर का झाला? मग रात्र काढायची."

थोड्या वेळाने त्यांनी एक गोष्ट सांगितली, जी घरात कुणाला माहीत नव्हती. खंबाटकी उतरताना एकदा डोळा लागला. क्लीनर ओरडला म्हणून वाचले.

"तुझ्या यंत्रानं गाडी थांबवली असती का रे?"

"नाही मामा. ते फक्त लिहून ठेवतं."

मला वाटलं, आता म्हणतील, मग काय उपयोग. मामा बराच वेळ अंगणाकडे बघत बसले. मग म्हणाले, "लिहून तरी ठेवलं असतं. शेटजीला नाही म्हणायला हातात कायतरी पायजे ना. नुसतं दमलो म्हणून कोण ऐकतंय?"

हा मुद्दा आमच्या रिक्वायरमेंटच्या एकाही पानावर नव्हता. मी त्या यंत्राला ड्रायव्हरवर बसवलेला पहारेकरीच समजत होतो.

पुण्याला परत आल्यावर कोड दुरुस्त केला. रात्रीचे दोन वाजले. शुक्रवारी टाइमशीट भरायला घेतली. तिथे आम्ही सगळे रोज इमानेइतबारे आठ तास लिहितो, कितीही झाले तरी. पेन आपल्याच हातात!

यावेळी मी त्या दिवसापुढे तेरा लिहिले. अजून कुणी काही बोललेलं नाही. बघू.