पान पाहून वाढावे

रविवारी दुपारची जेवणे आटोपली म्हणजे आमच्या माजघरात एक निराळाच खेळ मांडला जातो. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हे त्याचे नाव. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघांचा हा खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. प्रत्येकाने एकेका वीराची भूमिका घ्यावयाची, सूत्रधाराने संकटे उभी करावयाची आणि निकाल फाशांनी द्यावयाचा. सूत्रधारकी अर्थातच आमच्याकडे!

थोरल्या दोघा पुतण्यांचे योद्धे वर्षभर खेळून पाचव्या पायरीस पोचले होते. अशा वेळी धाकटी पुतणी व भाचा ही दोघे नव्याने, पहिल्या पायरीवर, येऊन बसली. आता संकट योजावे ते कोणाच्या मापाचे?

आम्ही २०१४ च्या आवृत्तीतील कोष्टक उघडले. ‘कठीण’ प्रसंगाची सीमा पाचव्या पायरीच्या वीरास ७५० गुण, पहिल्या पायरीच्यास ७५. चौघांची बेरीज १,६५०. ओगर नावाचे दोन आडदांड राक्षस घेतले, तर त्यांचे ९००, जोडीमुळे दीडपट होऊन १,३५०. म्हणजे प्रसंग ‘मध्यम’च. आमचे समाधान झाले.

परंतु बेरीज चौघांची असली तरी सोटा एकाच्याच माथ्यावर बसतो. ओगरच्या तडाख्याने सरासरी १३ जीवगुण जातात. योद्ध्यापाशी ते ४४ होते, पुतणीच्या जादूगारापाशी अवघे ८! पहिल्याच फेरीत तो निपचित पडला. त्यास उठवावयास कोणास सवड झाली नाही, आणि पोर तासभर नुसती पाहत बसली. हा धोका त्याच ग्रंथात नेमक्या याच उदाहरणाने सांगितलेला आहे. कोष्टकाच्या नादात तो आम्ही वाचलाच नव्हता.

पुढच्या रविवारी आम्ही पडद्याआड फासे टाकून राक्षसांचे नेम चुकवीत राहिलो. तिसऱ्या फेरीस ती म्हणाली, “काका, तुम्ही मुद्दाम चुकवता आहात ना? मग मला नाही खेळायचं.” आणि ती उठून गेली. आम्हांस मेल्याहून मेल्यासारखे झाले. पराभवापेक्षा आमची कीवच तिच्या जिव्हारी लागली होती.

मोठ्या मिनतवारीने ती परत आली, ती एका अटीवर: फासे सर्वांदेखत पडावेत. या खेपेस आम्ही पुलावर एक ओगर ठेविला आणि पलीकडे पुलाचे दोर कापणारे चार गॉब्लिन. कोष्टकाप्रमाणे १,३००, म्हणजे भार जवळजवळ तोच, वाटणी मात्र निराळी. तिच्या निद्रामंत्राची कमाल ४० जीवगुणांची, त्यामुळे ५९ गुणांच्या धडधाकट ओगरवर तो व्यर्थ. गॉब्लिन मात्र सात-सात गुणांचे. थोरले ओगरशी झुंजत असता तिने पाच फासे टाकले. बेरीज २४. तिघे जागच्या जागी निजले! चौथ्याचा बाण तिला लागला; भाच्याने त्यास टिपले. तिच्या जादूगाराचे तीनच गुण उरले होते; परंतु पूल वाचला होता, आणि ‘तुझ्यामुळे वाचलो’ असे थोरल्यांनीच तिला सांगितले.

पंगतीत सर्वांस सारखे वाढणे म्हणजे न्याय, असे आम्ही समजत होतो. पान पाहून वाढावे, ही घरातील बायकांची रीत आम्हांस फाशांनी शिकविली.