चाळीस दिवसांतला एक

काश्मीरच्या खेड्यात रात्री बर्फ पडला, की सकाळी ते डोळ्यांआधी कानांना कळतं. ताजा भुसभुशीत बर्फ आवाज पिऊन टाकतो. कोंबडा दुरून आरवल्यासारखा वाटतो, पावलं तर ऐकूच येत नाहीत. मधूनच पत्र्याच्या उतरत्या छपरावरून एखादा थर घसरतो, अंगणात धप्प होतं, तेवढंच.

21 डिसेंबरला चिल्ला-ए-कलान लागतो. कडाक्याच्या थंडीचे हे चाळीस दिवस. मग वीस दिवसांचा चिल्ला-ए-खुर्द आणि शेवटी दहा दिवसांचा चिल्ला-ए-बच्चा. थोरला, धाकटा, पोर: थंडी जणू घरातलीच तीन माणसं!

अशा दिवशी बाजाराकडे कोण बघतो? आपल्याकडे पावसाळ्याची बेगमी म्हणून वाळवणं घालतात, तशी तिथे उन्हं असतानाच दुधी, वांगी, टोमॅटो चिरून सुकवलेले असतात. या सुक्या भाज्या म्हणजे होख स्यून. वांग्याला काश्मिरीत ‘वांगन’ म्हणतात. मराठी माणसाला परमुलखात गाववाला भेटावा, तसा हा शब्द.

फेरन या सैल, लांब झग्याच्या आत कांगडी असते. काड्यांनी विणलेली परडी, तिच्यात मातीचं भांडं आणि भांड्यात निखारे. पानगळीत चिनारची पानं गोळा करून त्यांचाही कोळसा करून ठेवतात. उन्हाळ्यात सावली देणारं झाड हिवाळ्यात असं पोटाशी येऊन बसतं. मात्र या उबेचं फार कौतुक नको. वर्षानुवर्षं कांगडी पोटामांड्यांशी धरल्याने होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाबद्दल डॉ. एल्मस्ली यांनी 1866 मध्येच लिहिलं होतं. वैद्यकात त्याचं नावच ‘कांगडी कॅन्सर’. खिडकीतून बर्फाचे फोटो काढणाऱ्या पाहुण्याला जे दिसत नाही, ते घरच्यांच्या अंगावर उमटतं. नळ गोठला, तरी चुलीवर पाणी चढवावंच लागतं.

तरीही पहिल्या बर्फाची वाट सगळेच पाहतात. बर्फ म्हणजे ‘शीन’, आणि नव्या बर्फाच्या निमित्ताने ‘नव शीन’चा जुना खेळ. बर्फाचा गोळा कागदात नाहीतर डब्यात बांधून भेट म्हणून धाडायचा. घेणाऱ्याने बेसावधपणे घेतला, की त्याच्याकडे मेजवानी लागू! आणणाराच पकडला गेला, तर जेवण त्याच्या गळ्यात. मग घराघरांत पुडकं हाती घ्यायच्या आधी त्याचं वजन आणि आणणाऱ्याचा चेहरा, दोन्ही तपासले जातात.

जानेवारी 2024 मध्ये या खेळाला बर्फच नव्हता. महिनाअखेरीपर्यंत गुलमर्गचे उतार उघडे पडले होते. पर्यटकांच्या रद्द झालेल्या सहलींची चर्चा झाली. शेतकऱ्याची काळजी वेगळी होती. कलानच्या थंडीत डोंगरावर साठलेला बर्फ टिकतो आणि सावकाश वितळत ओढ्यांना, झऱ्यांना येतो. उशिरा पडलेला बर्फ वाढत्या उन्हात लवकर वाहून जातो. खोऱ्यात भाताची लावणी होते मे-जूनमध्ये, आणि तेव्हा पाटात खेळणारं बरंचसं पाणी कलानमध्ये साठलेल्या बर्फाचं असतं.