किहीमचा एकांत

हिवाळा सरतां सरतां कॉटन ग्रीनच्या जुन्या कापूस-गोदामांवरून शिवडीच्या खाडीकडे फिरावयास जाण्याचा आमचा परिपाठ आहे. ओहोटीच्या चिखलांत रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात, ते पाहून मन निवतें.

परवां तेथें एक जुना विद्यार्थी भेटला. गळ्यांत दुर्बीण होती, पण चेहरा उतरलेला. प्राणिशास्त्रांतील त्याची संशोधनाची जागा पैशाअभावीं बंद झाली होती. लेव्हिक नांवाच्या तरुण डॉक्टरानें १९११-१२ सालीं अंटार्क्टिकांतील केप अडेर येथें पेंग्विनांचा सबंध विणीचा हंगाम न्याहाळला, त्याविषयीं तो वाचीत होता. म्हणाला, "सर, असा एकांत मिळाला तर माणूस निराळाच होऊन परत येईल!"

आम्हीं म्हटलें, "त्यासाठीं ध्रुव कशास हवा? अलिबागजवळचें किहीम पुरे." आणि त्यास सालीम अलींची हकीकत सांगितली. विद्यापीठाची पदवी नसलेला हा मुंबईकर १९२९ सालीं बर्लिनला स्ट्रेझमान यांच्याकडे पक्षिशास्त्र शिकावयास गेला. १९३० सालीं परततो तों वस्तुसंग्रहालयांतील त्याची जागाच रद्द झालेली! पत्नी तेहमिना यांच्यासह तो किहीमला जाऊन राहिला. तेथें जवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती.

मेलेल्या पक्ष्यांचीं कातडीं तपासून जाती ठरविणें, हेंच तेव्हांच्या पक्षिशास्त्राचें मुख्य काम. येथें जिवंत पक्ष्यांचा संसार डोळ्यांसमोर चाललेला. आपल्या भाषेनें या पक्ष्यास स्त्रीचें नांव दिलें आहे. पण घरटें विणतो तो नर. तें अर्धें झालें कीं मादी येऊन पारखते, पसंत पडलें तर राहते. नर त्यास लांब नळी विणून तें पुरें करतो आणि लगेच दुसऱ्या घरट्यास लागून दुसऱ्या मादीची वाट पाहतो. सालीम अलींनीं हा क्रम नोंदविला. १९३१ सालीं बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत तो प्रसिद्ध झाला. नोकरी गेलेला मनुष्य किहीमहून शास्त्रज्ञ होऊन परतला.

विद्यार्थी शांतपणें म्हणाला, "पण सर, त्यांना राहावयास घर होतें. आणि तेहमिनाबाई होत्या."

आम्ही निरुत्तर झालों. वर्षानुवर्षें ही गोष्ट आम्ही वर्गांत सांगत आलों. पण तेहमिनाबाईंचें नांव एका वाक्यांत उरकून! शहर सोडून, मिळकतीची शाश्वती नसतां, पतीच्या छंदावर विश्वास ठेवून ती बाई तेथें राहिली. १९३९ सालीं ती वारलीहि. लेव्हिक तरी एकटा कोठें होता? त्याच्या तुकडींत सहा जण होते. एकांतानें माणूस घडतो हें खरें. परंतु तो एकांत कोणीतरी सांभाळावा लागतो. हें न सांगतां तरुणांस केवळ धीराचा उपदेश करणें म्हणजे आपली जबाबदारी टाळणें होय.

"तुझी वही कोठें आहे?" आम्हीं विचारलें. दुर्बीण धरावी कीं लिहावें, ही त्याची रोजचीच अडचण होती. आम्हीं वही घेतली. भरती येईपर्यंत तो आंकडे सांगत गेला आणि आम्ही लिहीत गेलों. उद्यांहि यावयाचें ठरलें आहे.